उतरणारा एकही नाही

३ जानेवारी

वन्सं,

पत्र बघून दचकू नका. कोणी मेलेलं नाही. तुमचे दादा धडधाकट आहेत, दोन्ही वेळा जेवतात आणि एकदाही बोलत नाहीत, म्हणजे होते तसेच आहेत. मी कागद-पेनाच्या वाटेला जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण वेळच तशी आली म्हणून लिहायला बसले.

हे पत्र घेऊन जो माणूस तुमच्या दारात उभा आहे, तो आपल्या गावातला शिंपी. त्याला आत घ्या, चहा द्या आणि रात्रीच्या गाडीपर्यंत बसू द्या. तो काही मागायला आलेला नाही. तुमच्या जंक्शनात त्याचं काडीचंही काम नाही. तो नुसता आलाय.

का, ते सांगते. आपल्या स्टेशनावरचा एक्स्प्रेसचा थांबा काढणार आहेत. वरून कागद आलाय की इथे माणसांची ये-जा नाही, मग गाडीने दोन मिनिटं फुकट का घालवायची. फेब्रुवारीअखेरपर्यंत बघणार, माणसं दिसली तर ठीक, नाहीतर गाडी सरळ निघून जाणार. आपले स्टेशनमास्तर नवीन आहेत, केस कमी आणि काळजी जास्त. त्यांनी तो कागद माझ्या टपरीवर वाचून दाखवला आणि चहा न पिताच उठले.

फलाटावर माझी चहाची टपरी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं की नाही कोण जाणे. रात्रीची पॅसेंजर थांबते, पण तिच्यातली माणसं झोपलेली असतात. चहा पितात ते एक्स्प्रेसवाले. ती गेली की चहा कोणाला पाजू, सिग्नलला?

आणि माझं सोडा, गावाचं काय उरेल? इथे नदी नाही, बाजार नाही, खाण नाही. वाफेची इंजिनं होती, त्यांना इथवर येईपर्यंत तहान लागायची, म्हणून टाकी बांधली. टाकीला माणूस लागला, माणसाला खोली लागली, खोलीत बायको आली, बायकोला किराणा लागला. झालं गाव. तुमचे वडील त्या टाकीवरच होते, तुम्हाला मी काय सांगायचं. मग डिझेल आलं. त्याला तहान नाही. इंजिनांची शेड गेली, टाकी गंजली, अर्धं गाव बदली होऊन गेलं. उरली ती दोन मिनिटं. गाडी थांबते म्हणून आपण गाव. नाही थांबली तर रुळाकडेची चार घरं.

म्हणून आम्ही पाळी लावली आहे. रोज दोघा-तिघांनी तिकीट काढून सकाळच्या एक्स्प्रेसने जंक्शनला जायचं. काम असो नसो. तिकिटाला सगळ्या गावाची वर्गणी. आता जंक्शनला जाऊन माणसाने दिवसभर करायचं काय? तिथे गावातलं म्हणावं असं एकच दार मला आठवलं, तुमचं.

चहापत्ती पाठवत जाईन.

तुमची वहिनी


६ जानेवारी

वहिनी,

वीस वर्षांत तुमचं हे दुसरं पत्र. पहिलं फाटकाजवळच्या खोलीत वीज आली तेव्हाचं, तेही तीन ओळींचं.

शिंपी पोचला. चहा प्यायला, जेवला, मग माझ्या पडद्यांकडे बघून मान हलवू लागला. म्हणाला, "ताई, हे ज्याने कापलेत त्याचं तुमच्याशी काही वैर आहे का?" खिशातून टेप काढून मापं घेतली. आमचे हे खालून दुकान बंद करून जेवायला वर आले तर हा खुर्चीवर चढलेला. आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं की नाही कोण जाणे.

एक गंमत सांगते. आमचं घर मालधक्क्याच्या मागे आहे. शिंपी गप्पा मारत होता. "मास्तरांची बायको" एवढं म्हणून एकदम गप्प झाला. बाहेरून मालगाडी चालली होती. सगळे डबे गेले, आणि मग तो म्हणाला, "रागावून माहेरी गेली." मधल्या वेळात आमचे हे घाबरून माझ्याकडे बघत होते, या माणसाला झटका आला की काय. मला हसू फुटलं. गाडी आली की वाक्य थांबवायचं आणि गाडी गेली की तिथूनच उचलायचं, आपल्याकडे सगळे असेच बोलतात, हे मी विसरलेच होते. मग लक्षात आलं, मीसुद्धा आमटीचा डाव तसाच हवेत धरून उभी होते.

तेव्हा माणसं पाठवा. पण दोन अटी. एक, चहापत्ती नको, आमच्याकडे आहे. दोन, येणाऱ्या कोणीही मला दादाबद्दल काहीही सांगायचं नाही. शिंप्याने दोनदा विषय काढला, मी दोनदा बिस्किटांची बशी पुढे केली.

तुमची नणंद


१५ जानेवारी

वन्सं,

आज पत्र घेऊन आलेत ते इंजिनआजोबा. ओळखलंत ना? आयुष्यभर इंजिनात कोळसा फेकला, पण तिकीट काढून डब्यात बसायची ही पहिलीच वेळ. काल चारदा येऊन मला विचारून गेले की बसायचं कुठे, तोंड कुठे करायचं. जुन्या सवयीने त्यांना चढावावर झोप लागत नाही, त्यामुळे तुमच्याकडे पोचल्यावर लागेल. लागू द्या.

पाळी झकास चालली आहे. न्हावी जंक्शनहून खूश होऊन आला, म्हणे तिथल्या न्हाव्यांना कानामागचं काही येत नाही. दोन नंबरच्या लाइनीतल्या त्या दोघी आठवतात? भिंतीला भिंत आणि तोंडाला कुलूप. चुकून एकाच दिवशी पाळी आली. जाताना एक पुढच्या डब्यात, एक मागच्या. तुमच्या जिन्यावर म्हणे समोरासमोर आल्या. येताना एकाच बाकावर बसून आल्या आणि आता दोघी मिळून माझ्याशी भांडतात, की माझ्या चहात दूध कमी असतं.

खर्च मात्र झेपला नसता. त्यावर तोड मीच पहिल्या दिवशी काढून ठेवली होती. जाताना एक्स्प्रेस, येताना रात्रीची पॅसेंजर. अर्ध्या भाड्यात काम. मास्तर म्हणाले, "ताई, तुम्ही टपरीवर काय करता? तुम्ही तर वर ऑफिसात पाहिजे होतात." एक्स्प्रेसचा मिशीवाला गार्ड चहाला उतरतो, तो पण म्हणाला, डोकं आहे.

आता रागवायचं असेल तर रागवा. परवा तुमच्या दादांची पाळी होती. ते गेले नाहीत. "रजा नाही" म्हणाले. मास्तर म्हणाले, रेल्वे फाटकावर तुमच्या जागी मी बदली माणूस देतो. तरी नाही. मी म्हटलं, "बहिणीच्या दारात जायची लाज वाटते का?" तर म्हणाले, "तिने बोलावलं नाही." एवढं बोलून हिरवं निशाण धुवायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

हा नुसता ताठा आहे, दुसरं काही नाही. तुमची अट मला कळली. पण ती येणाऱ्यांसाठी होती. मी आलेली नाही, मी लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा मला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं, मला कोणी काही सांगितलं नाही. तुमच्या दोघांत झालं काय?

वहिनी


२२ जानेवारी

वहिनी,

तुम्ही वकील व्हायला हव्या होतात.

इंजिनआजोबा आले ते थेट दुकानात बसले आणि सायकलच्या ट्यूबांवर डोकं टेकून झोपले. गिऱ्हाईकं येऊन हळू आवाजात बोलून गेली. आमच्या ह्यांना या सगळ्याची चटक लागली आहे. सकाळी उठल्याबरोबर विचारतात, "आज कोण?" परवा रविवारी कोणी आलं नाही तर स्टेशनपर्यंत चक्कर मारून आले.

आता तुमचा प्रश्न. हे मी यांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

आई-बाबा गेले तेव्हा मी किती लहान होते तुम्हाला माहीत आहे. मला दादाने वाढवलं. माझ्या वेण्या त्याने घातल्या, वाकड्या. मला ताप आला की तो फाटकावरच्या खोलीत पाळणा बांधून मला तिथे निजवायचा, कारण ड्यूटी सोडता यायची नाही. माझं लग्न त्यानेच लावून दिलं. मी निघाले त्या दिवशी फलाटावर सगळं गाव होतं, तो नव्हता. फाटकावर होता. मी म्हटलं, हरकत नाही, गाडी फाटकावरूनच तर जाणार. मुद्दाम त्या बाजूची खिडकी धरून बसले.

फाटक आलं. तो निशाण घेऊन उभा होता. मी हाक मारली. हात बाहेर काढून हलवला. त्याने मान वर केली नाही, वहिनी. खाली बघत राहिला, जणू काही मालगाडीच चालली आहे. मी इतक्या जवळून गेले की त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण मला दिसलं. त्याला मी दिसले नाही.

त्याला वाटलं असेल, सुटलो एकदाचा. वाटू दे. पण ज्या माणसाला मला जाताना बघावंसं वाटलं नाही, त्याला येताना तरी कशाला दिसायचं?

एवढंच झालं. मोठं काही नाही.

तुमची नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

घात झाला. आणि तो मीच केला. तुमच्या पत्राचं नंतर, आधी हे ऐका.

काल वरच्या ऑफिसातला साहेब आला. माझ्याच बाकावर बसला, माझाच चहा प्यायला आणि म्हणाला, "सकाळी चढणारे भरपूर दिसतात. पण संध्याकाळच्या एक्स्प्रेसमधून उतरणारा एकही नाही. माणसं जातात आणि परत येत नाहीत. तुमचं गाव उठून चाललंय, बाई. उठून चाललेल्या गावाला थांबा कशाला द्यायचा?"

मी म्हटलं, "साहेब, गाव तुमच्या शेजारी बसलंय." बाकावर शिंपी होता, न्हावी होता, आजोबा होते.

साहेब म्हणाला, "कागदावर हे तिघंही महिन्यापूर्वी गेले."

आजोबा उठून उभे राहिले. "मग मी कोण?"

"ते मला कागदावरून कसं कळणार?"

मी म्हटलं, हे सगळे रात्रीच्या पॅसेंजरने परत येतात हो, मीच सांगितलंय तसं, स्वस्त पडतं. तर म्हणाला, पॅसेंजरचे कागद दुसऱ्या साहेबाकडे असतात. दोघं साहेब एकाच इमारतीत बसतात का, विचारलं. एकाच खोलीत बसतात म्हणाला. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

आता सगळं गाव माझ्याकडे बघतंय. कोणी बोलत नाही, तेच वाईट. शिव्या दिल्या असत्या तर मी परत तरी दिल्या असत्या. ज्या दोघी दुधावरून भांडायच्या, त्या काल बिनदुधाचा चहा गपचूप पिऊन गेल्या. मास्तरांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा साहेब एवढं कबूल झाला की २८ तारखेला संध्याकाळच्या एक्स्प्रेसला तो स्वतः फलाटावर उभा राहील. उतरणारी माणसं दिसली तर थांबा राहील. नाही दिसली तर मार्चपासून गाडी थांबणार नाही.

आमचीच माणसं जाऊन परत उतरली तर तो ओळखेल, आता सगळी तोंडं त्याने बघून ठेवली आहेत. नवी तोंडं पाहिजेत. शेड बंद झाली तेव्हा अर्धं गाव बदलून तुमच्याच जंक्शनात गेलं. कोण कुठे राहतं ते तुम्हालाच ठाऊक. त्यांना गोळा करा आणि घेऊन या. घेऊन या म्हणतेय, पाठवा म्हणत नाही.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

माणसं मिळतील. आजोबा ज्यांच्या इंजिनावर होते ते ड्रायव्हरकाका मालधक्क्याच्या पलीकडेच राहतात. ऐकल्याबरोबर त्यांनी बूट पॉलिश करायला घेतले, २८ तारीख अजून किती लांब आहे. शेडमधल्या फिटरचे तिन्ही भाऊ येतात. माझ्या वर्गातल्या दोघी मुलं-सुना घेऊन येणार आहेत. आमचे हे तर निघालेच आहेत, त्यांना कधीपासून बघायचं होतं म्हणे ते गाव, जिथली माणसं मध्येच बोलायची थांबतात.

सगळ्यांना पाठवते. मी येणार नाही.

मी जे लिहिलं त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. तेही एक उत्तरच झालं.

तुमची नणंद


१७ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर दिलं नाही, कारण ते माझ्याकडे नव्हतं. ते माझ्या नवऱ्याच्या पोटात होतं. काल काढलं. कसं, ते ऐका.

दुपारचा डबा घेऊन फाटकावर गेले. डबा मांडीवर ठेवून स्टुलावर बसले. हात पुढे केला त्यांनी, मी दिला नाही. म्हटलं, "आधी सांगा, बहीण गेली तेव्हा तिच्याकडे बघितलं का नाही?"

"बघत होतो की."

"खोटं. ती म्हणते खाली बघत होतात."

"खालीच. चाकं बघत होतो," म्हणाले, आणि तेवढ्यात मालगाडी आली. उठले, निशाण घेतलं, बाहेर जाऊन उभे राहिले. मी डबा धरून तशीच बसले. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत मान खाली. सगळी गाडी गेली, फाटक उघडलं, आत आले, बसले आणि म्हणाले, "तिच्या डब्याची."

वन्सं, मी डबा तरीही दिला नाही, पुढचं विचारत गेले.

मग थोडं थोडं बाहेर आलं. तुमच्या लग्नाच्या आधी थोडेच दिवस कुठल्याशा गाडीच्या चाकाचा आस तापला होता. धूर निघत होता, पण फाटकावरचा माणूस खिडक्यांकडे बघत राहिला आणि पुढे तो डबा पेटला. फाटकावरच्या माणसाचं काम तेच, जाणाऱ्या गाडीची चाकं बघायची. तुम्ही कोणत्या डब्यात बसणार ते यांनी सकाळीच तेव्हाच्या मास्तरांना विचारून घेतलं होतं. म्हणाले, "बाकीचे डबे रोजच्यासारखे बघितले. तो डोळ्यांत तेल घालून बघितला. चांगला होता."

"तिने हाक मारली ती?"

"ऐकली."

"मग?"

"वर बघितलं असतं तर चाकं पुढे गेली असती ना."

मी म्हटलं, "अहो, मग हे तिला नंतर कळवायचं नाही का? पोस्टकार्डावर मावलं असतं." तर म्हणाले, मला वाटलं तिला कळलं असेल, फाटकावरच्या माणसाची बहीण आहे ती. आणि मग ती आलीच नाही, तेव्हा वाटलं, तिचं घर झालंय, आता आपलं काय काम. एवढं बोलून डबा घेतला आणि जेवले. पुरता संपवला.

माझं म्हणाल तर हा माणूस दगड आहे. ताठा म्हटलं होतं, ते मात्र माझं चुकलं. ताठ्याला निदान तोंड असतं. आजही तसंच चाललंय. उद्या खिडकीत राजा येऊन बसला तरी यांना दिसायचा नाही. वर बघतात ते एकदाच, सगळी गाडी गेली की शेवटच्या डब्यातल्या गार्डकडे. तो हिरवं दाखवतो, हे हिरवं दाखवतात, म्हणजे सगळं ठीक. आयुष्यात यांनी नीट तोंडाकडे बघितलेला माणूस म्हणजे तो मिशीवाला गार्ड. मी सुद्धा नाही.

यायचं तर या, नाहीतर राहिलं. मी पुन्हा विचारणार नाही.

विचारते. या.

वहिनी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

सगळ्यांची तिकिटं काढून झाली.

एकच विचारायचं होतं. २८ तारखेला संध्याकाळच्या एक्स्प्रेसवर गार्ड कोण आहे? तो मिशीवालाच असेल आणि तुमचा चहा पीत असेल, तर त्याला सांगून ठेवा की जंक्शनच्या फलाटावर एक बाई त्याला भेटेल आणि त्याने नाही म्हणायचं नाही.

दादाला काही बोलू नका.

तुमची नणंद


७ मार्च

वहिनी,

सुखरूप पोचलो. चार दिवस तुमच्याकडे होते, तेव्हा तुम्ही तीनदा विचारलंत की फाटकावर नक्की काय झालं, आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. दादासमोर सांगितलं असतं तर तो उठून फाटकाकडे पळाला असता. तुम्ही फलाटावर होतात, तुम्हाला काहीच दिसलं नाही. म्हणून आता लिहिते.

गार्ड जंक्शनवर आधी ऐकेना. "ताई, गार्डच्या ब्रेकच्या डब्यात प्रवासी चालत नाही. नोकरी जाईल माझी." मी म्हटलं, "तुमची जाईल तेव्हा जाईल, माझी वीस वर्षं गेली आहेत." मग सगळं सांगितलं. तो मिशी चावत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "शेवटच्या वळणाआधी पुढे यायचं नाही, आणि दारातून वाकायचं नाही." तुमच्या चहाची शपथ घ्यायला लावली मला.

वळण आलं. मी त्याच्या मागून पुढे झाले. गाडीचा वेग कमी झाला होता. फाटक दिसलं आणि दादा दिसला. मान खाली. एकेक डबा त्याच्या समोरून चालला होता, आणि तो एकेका चाकाकडे असा बघत होता, जसा लहानपणी माझ्या पायात काटा गेला की बघायचा.

त्याचे केस सगळे पांढरे झालेत, वहिनी. मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, अट मीच घातली होती.

मग आमचा डबा आला. त्याने मान वर केली. गार्डने हिरवं दाखवलं. दादाने गार्डकडे बघितलं, मग गार्डच्या शेजारी बघितलं. आता त्याचं हिरवं वर जायला हवं होतं. ते खालीच राहिलं. दुसऱ्या हातात लाल होतं, ते वर गेलं.

"अहो, हे काय!" म्हणून गार्ड ओरडला आणि त्याने ब्रेक ओढला. लाल दिसल्यावर तो तरी काय करणार? सगळी गाडी कण्हत कण्हत उभी राहिली. पुढच्या डब्यातून आमच्या ह्यांचा आवाज आला, "आलं का गाव?"

मी पायऱ्या धरून खडीवर उतरले. दादा तिथेच उभा, लाल अजून वर धरलेलं. जवळ गेले तर म्हणाला, "सगळे डबे बघितले. ठीक आहेत."

मी म्हटलं, "आता मला बघ."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंड पुसायला रुमाल सापडेना, तर हातात होतं त्यानेच पुसलं. ते लाल निशाण आता धुवायला टाका. या वेळी खरंच मळलंय.

नंतर काय झालं, गाडी पुढे कशी गेली, साहेब काय म्हणाला, त्याकडे माझं लक्षच नव्हतं. आम्ही दोघं फाटकावरच्या खोलीत बसलो होतो. मी विचारलं, पाळणा कुठे बांधायचास? त्याने खुंटी दाखवली. अजून आहे.

तुमची नणंद


१२ मार्च

वन्सं,

निशाण धुतलं. आता माझी बाजू ऐका, कारण तुम्ही चार दिवस बहीण-भाऊ होऊन बसला होतात आणि माझं कोणी ऐकलंच नाही.

साहेब घड्याळ बघत फलाटावर उभा. मास्तरांच्या कपाळावर घाम. सगळं गाव भिंतीला टेकून गप्प, मी सांगितलं होतं की कोणी पुढे पुढे करायचं नाही. गाडी दिसली, इंजिन फलाटाच्या तोंडाशी आलं आणि उभं राहिलं. साहेब म्हणाला, "ही का थांबली?" मास्तर पार पांढरे पडले. मी म्हटलं आता संपलं. तर मास्तर म्हणाले, "बकरी, साहेब. शाळेतल्या बाईंची बकरी. नेहमी रुळावर येते."

बकरी त्या वेळी माझ्या टपरीमागे उभी राहून साखरेची पिशवी खात होती. मी तिच्यापुढे आडवी उभी राहिले.

मग गाडी हलली, आत आली आणि पुन्हा थांबली. जिला इथे एकदाही थांबवायचं नव्हतं, ती त्या दिवशी दोनदा थांबली. आणि मग दारं उघडली ती उघडलीच. फिटरचे तिघं भाऊ, तुमच्या मैत्रिणी, पोरंसोरं, ट्रंका, पिशव्या. ड्रायव्हरकाका चकचकीत बूट घालून उतरले तेव्हा इंजिनआजोबा भिंत सोडून निघाले. मिठी मारतील म्हटलं तर नाही. समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चढावावर दम लागला का रे गाडीला?" ड्रायव्हरकाका म्हणाले, "तू नव्हतास ना." मग दोघं रडले. मी गल्ल्यात तोंड घातलं.

साहेबाने मोजायला सुरुवात केली होती. पण कोण उतरलंय आणि कोण न्यायला आलंय, एवढ्यात सगळं मिसळून गेलं. मला म्हणाला, "ही सगळी कोण?"

"इथलीच," मी म्हटलं. "गेली होती. आली."

त्याने मोजणं सोडून दिलं. मग म्हणाला, "बाई, त्या दिवशी माझा चहा अर्धा राहिला होता." दिला. पुरता भरून दिला. दूध जास्त घातलं.

काल कागद आला. थांबा राहिला. मास्तरांनी वाचून दाखवला, उतरणाऱ्यांपुढे साहेबाने लिहिलंय, "मोजता आले नाहीत." खाली आणखी एक ओळ आहे, की बकरी बांधून ठेवावी. शाळेतल्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील.

पाळी आता बंद. गरज नाही. आठवड्यातून दोन-चार जण जंक्शनला जातातच, आता कामं निघतात त्यांना. शिंप्याचे पडदे तयार आहेत. ते घेऊन येतोय तो शिंपी नाही. तुमचे दादा येत आहेत, येत्या सोमवारी. बदली माणूस मिळाला, तिकीट काढलं, जाताना एक्स्प्रेस आणि येताना पण एक्स्प्रेस. मी आता कुठेही काटकसर करायची नाही असं ठरवलंय.

शर्ट नवा शिवलाय, सगळी बटणं मी स्वतः ओढून बघितली आहेत. खिडकीची जागा धरून बसा, असं दहादा बजावलंय. पण माझा त्यांच्यावर काही भरवसा नाही. गाडी तुमच्या फलाटात शिरेल तेव्हा ते बहुतेक मान खाली घालून चाकांचा आवाज ऐकत असतील. तेव्हा तुम्ही नुसता हात हलवत उभ्या राहू नका. चांगली मोठ्याने हाक मारा.

या वेळी ते ड्यूटीवर नाहीत.

वहिनी